दुसऱ्यांच्या वाटची शंका

अलीकडे गिरिजा हत्तुरेला "बरोबर आहे ना, मॅडम?" असं विचारणारं कॉलेजात जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. मुलं कथा आणून देत, कविता आणून देत आणि पाठ फिरवून निघून जात. पूर्वी हीच मुलं तिच्या टेबलापाशी घुटमळायची, कागद द्यावा की नाही या विचारात त्याची कोपरं चुरगळून टाकायची. आता त्यांच्या कपाळावर करड्या रंगाची एक पातळ पट्टी असे, चेहऱ्यावर समाधान असे आणि हातात वीस-पंचवीस पानं. चुका दाखवल्या तर ती शांतपणे ऐकून घेत, मान डोलवत आणि पुढच्या वेळी त्याच चुका नव्या उत्साहाने करून आणत. सोलापुरातल्या त्या कॉलेजात गिरिजाला मराठी शिकवायला लागून बरीच वर्षं झाली होती. दमायला मात्र ती ही पट्टी आल्यापासून लागली.

पट्टीचं नाव 'निःशंक'. माणसाच्या हातून चूक होते तेव्हा ती त्याला कळायच्या आधी त्याच्या मेंदूला कळलेली असते. कपाळाच्या मागे, मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या मधल्या घडीत एक लहानसा भाग आहे. चुकीचा शब्द तोंडून गेला, चुकीचं बटण दाबलं गेलं, की पापणी लवायच्या आत तिथून विजेची एक क्षीण लहर उठते. पोटात धस्स होणं, 'थांब, काहीतरी बिनसलंय' असं वाटणं, हे सगळं या लहरीच्या मागून येतं. काही माणसांत ही लहर उपजतच मोठी असते. कुलूप लागलं की नाही ते बघायला पाच वेळा परत जाणारे, हात धुऊन धुऊन सालं काढणारे, ज्यांना आपण मंत्रचळ लागला म्हणतो त्यांच्या मेंदूत ती चूक नसतानाही उठत राहते. पट्टी मुळात त्यांच्यासाठी बनली होती. तिच्यातून निघणाऱ्या, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी कवटीतून आत जात, नेमक्या त्या घडीवर एकवटत आणि तिथल्या पेशींचा आवाज जरा खाली आणत. शंका मरत नसे, फक्त कुजबुजू लागे.

उपाय लागू पडला. मग डॉक्टरांच्या लक्षात आलं की हे रुग्ण नुसते बरे होऊन थांबले नाहीत. ते चारचौघांत गाऊ लागले, भाषणं करू लागले, आयुष्यात कधी न लिहिलेल्या गोष्टी लिहू लागले. एवढं कळल्यावर ती पट्टी दवाखान्यात थोडीच राहणार होती. दोन वर्षांत ती चष्म्याच्या दुकानात मिळायला लागली. परीक्षक, न्यायाधीश आणि शस्त्रक्रिया करणारे यांनी ती लावू नये, असा नियम तेवढा झाला. कुणाच्या तरी डोक्यात ती लहर शाबूत राहायला हवी, एवढं सरकारला सुचलं होतं. गिरिजा विद्यापीठाची परीक्षक होती, म्हणून तिचं कपाळ मोकळं राहिलं.

घरी महांतेशने मात्र पट्टी घेतली होती. गिरिजाचा हा नवरा, बाळीवेशीत त्याचं औषधांचं दुकान. स्वभावाने अतिशय घाबरा. दुकान बंद करून आल्यावर जेवताजेवता थांबायचा आणि कुठल्याशा गिऱ्हाइकाला फोन करून, दिलेल्या गोळीचं नाव वाचून दाखवायला लावायचा. पट्टी लावल्यापासून तो निवांत जेवू लागला. पहिले काही महिने गिरिजालाही घर हलकं झाल्यासारखं वाटलं. पुढे तिला जाणवलं की, "चुकलं माझं," हे शब्द त्याच्या तोंडून तिने कित्येक दिवसांत ऐकलेले नाहीत. भांडण झालं तरी तो रागवत नसे, वाद घालत नसे. ऐकून घेई आणि पेपर उघडून बसे.

कॉलेजात अजूनही "बरोबर आहे ना, मॅडम?" विचारणारी एकच मुलगी होती. दुसऱ्या वर्षाची, स्रवंती यन्नम. विडी घरकुल या कामगारांच्या वसाहतीत राहायची. वडील टॉवेलच्या कारखान्यात, आई घरी शाळेचे गणवेश शिवणारी, घरात बोली तेलुगू. मराठी ती शाळेत शिकलेली आणि त्या मराठीबद्दल तिला कायमची धास्ती. तो शर्ट की ती शर्ट, ते बटण की तो बटण, या प्रश्नांवर तिचं वाक्य अडायचं आणि अडलेलं वाक्य ती खोडून टाकायची. आठवडाभर खपून पाऊण पान आणायची, तेही हातात ठेवताना म्हणायची, "वाचू नका मॅडम, नुसतं ठेवा." पण त्या पाऊण पानात मशीनच्या तेलाचा वास असायचा, कापडाच्या धुळीने शिंकणारी माणसं असायची. इतर कुणाच्या पंचवीस पानांत ते नव्हतं.

त्या वर्षी एका प्रकाशनसंस्थेने तरुण लेखकांचा संग्रह काढायचं ठरवलं. प्रत्येक जिल्ह्यातून एकाची गोष्ट निवडली जाणार होती आणि निवड झालेल्याची पुढच्या शिक्षणाची, वसतिगृहाची सोय ती संस्था करणार होती. सोलापूरची शिफारस गिरिजाकडे आली. तिच्या मनात नाव एकच होतं. स्रवंतीच्या घरी तर ठरलंच होतं की हे वर्ष संपलं की तिने आईबरोबर मशीनवर बसायचं.

गिरिजाने तिला बोलावून सांगितलं. स्रवंतीने आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं, मग दारापर्यंत जाऊन परत येऊन नाही म्हटलं. पुढचा महिनाभर हेच चाललं. गिरिजा समजावायची, धीर द्यायची, कधी रागवायची. वर्गातल्या उरलेल्या मुलांच्या चुका शोधून, घरी जाऊन महांतेशच्या राहून गेलेल्या गोष्टी निस्तरून, वर या मुलीचा प्रत्येक शब्द उचलून धरायचा, हे तिला झेपेना. एका दुपारी स्रवंतीने पहिल्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य नवव्या वेळी बदलून आणलं तेव्हा गिरिजाने चष्मा काढून डोळे चोळले.

"स्रवंती, तू पट्टी लावून का बघत नाहीस?"

बोलून गेल्यावर तिच्या पोटात ती ओळखीची कळ उठली. पण ती इतकी दमली होती की तिने तिकडे लक्ष दिलं नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात मुलांसाठी काही पट्ट्या ठेवलेल्या असत. त्यातली एक तिने स्वतःच्या सहीने स्रवंतीला काढून दिली.

स्रवंती बदलायला वेळ लागला नाही. ती ताठ चालू लागली. वर्गात हात वर करू लागली. महिन्याभरात तिने गोष्टीचं मोठं बाड आणून टेबलावर ठेवलं. गिरिजाने ते आनंदाने उघडलं आणि दहाव्या पानापर्यंत येता येता तिचा आनंद ओसरला. वाक्यं नळाच्या पाण्यासारखी वाहत होती. आई कष्टाळू होती, वडील मुके दुःख सोसत होते, मशीन हे जीवनाचं प्रतीक झालं होतं. कापडाच्या धुळीने कुणी शिंकत नव्हतं. स्रवंतीला आधी जो शब्द खटकला असता, ज्याच्यापाशी अडून, तास घालवून तिने नेमका दुसरा शब्द शोधून आणला असता, तिथून ती आता अलगद पुढे गेली होती.

गिरिजाने तिला बोलावून हे सगळं सांगितलं. जेवढं मऊपणाने सांगता येईल तेवढं. स्रवंतीने ऐकलं. तिचे डोळे भरले नाहीत, मान खाली गेली नाही.

"मला तर चांगलं वाटतंय, मॅडम," ती हसून म्हणाली. "अजून एक लिहायला घेतलंय."

त्याच आठवड्यात दुकानात ती गोष्ट घडली. गिरिजा कॉलेजातून परतताना दुकानात डोकावली होती. एक बाई काउंटरपाशी उभी राहून सांगत होती की तिच्या वडिलांना रक्तदाबाची गोळी दुप्पट ताकदीची दिली गेली, ते चक्कर येऊन जिन्यात पडले आणि त्यांचं मनगट मोडलं. तिने गोळ्यांचं पाकीट आणि डॉक्टरांची चिठ्ठी शेजारीशेजारी ठेवली. महांतेशने दोन्ही वाचलं. चूक त्याची होती, हे त्याने लगेच मान्य केलं. बाईला बसायला खुर्ची दिली, बरोबर गोळ्या काढून दिल्या आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळून विचारलं, "तुमचं काय?"

बाई त्याच्याकडे बघत राहिली. गिरिजा पुढे झाली, तिचा हात धरून तिने माफी मागितली, तिच्याबरोबर घरी जाऊन त्या म्हाताऱ्यांना भेटून आली. प्लॅस्टरमधला तो हात बघताना जे धस्स महांतेशच्या पोटात व्हायला हवं होतं ते तिच्या पोटात झालं.

घरी आल्यावर तिने महांतेशला विचारलं, त्याला काही वाटलं की नाही.

"वाईट झालं, हे कळलं मला," तो म्हणाला.

"कळलं. वाटलं का?"

 तो म्हणाला, "गिरिजा, पट्टीच्या आधी मी रोज अंथरुणावर पडलो की दिवसभरातलं एकेक गिऱ्हाईक आठवायचो. कुणाला काय दिलं. चेहरे संपायचेच नाहीत. तुला कधी सांगितलं नाही. मला पुन्हा तिथे जायचं नाहीये."

 दुसऱ्या दिवसापासून गिरिजा कॉलेज सुटलं की दुकानात जाऊन बसू लागली. तो औषधं काढून देई, ती प्रत्येक पाकीट चिठ्ठीशी ताडून बघे. त्याला यात अपमान वाटला नाही. त्याला काहीच वाटलं नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिथल्या स्टुलावर बसल्याबसल्या गिरिजाच्या ध्यानात आलं की आपण एवढ्या का दमतो. लोकांनी शंका सोडली, पण शंका घ्यायचं काम काही संपलं नव्हतं. ते ज्यांच्या डोक्यात लहर शाबूत होती त्यांच्या वाट्याला आलं होतं. महांतेशच्या वाटची शंका ती घेत होती, चाळीस मुलांच्या वाटची घेत होती, आणि आता तिने स्वतःच्या हाताने स्रवंतीचीही आपल्याकडे घेतली होती.

तिने स्रवंतीला पट्टी काढायला सांगितलं. त्याचे परिणामही सांगितले. दबलेल्या पेशी ऐकू जावं म्हणून हळूहळू जोरात बोलायला शिकलेल्या असतात. वरचा दाब अचानक गेला की काही आठवडे त्या अक्षरशः ओरडतात. शंका पूर्वीच्या दुप्पट होते, मग सावकाश जागेवर येते. पट्टी सावकाश कमी करायला वेळ नव्हता, गोष्ट पाठवायची मुदत जवळ आली होती. स्रवंतीने फार विचार केला नाही. "तुम्ही म्हणता तर काढते," असं म्हणून तिने पट्टी काढून टेबलावर ठेवली. तो निर्णयही तिने निःशंकपणेच घेतला होता, हे गिरिजाला नंतर उमगलं.

स्रवंती त्यानंतर कॉलेजात आली नाही. फोन उचलेना. गिरिजाच्या टेबलावर इतर मुलांच्या गुळगुळीत गोष्टींचा गठ्ठा पडून होता. त्यातली कुठलीही एक पाठवली असती तर कुणी तिला विचारलं नसतं. दोन दिवस तिने तसा विचार केलाही. रविवारी सकाळी मात्र ती स्रवंतीचं बाड पिशवीत घालून विडी घरकुलात गेली.

दार स्रवंतीच्या आईने उघडलं. मागे खोलीत पांढऱ्या कॉलरींचे ढीग लागले होते. गिरिजाने ओळख सांगितल्यावर त्या बाईने तिला आत घेतलं, पण बसा म्हटलं नाही. पोरगी जेवत नाही, असं ती म्हणाली. भात शिजला का म्हणून तीनदा विचारते, दार लावलं का म्हणून उठून बघते, केस विंचरायला बसली तर भांग सरळ आहे का म्हणून रडते.

"पट्टी तुम्हीच दिलं," ती म्हणाली. "तुम्हीच काढलं. आता बघा तिच्याकडं."

गिरिजा म्हणाली, "हो. मीच."

आईने एका खुर्चीवरचं कापड उचललं आणि ती पुन्हा मशीनवर जाऊन बसली.

आतल्या खोलीत स्रवंती भिंतीकडे तोंड करून पडली होती. पिशवीतलं बाड दिसताच तिने डोळे मिटले. ती घाण जाळून टाका, मॅडम, असं ती पुटपुटली. घरची कच्ची पानं वाचली मी सगळी. मला लाज वाटते. गिरिजाला धीराचे दोन शब्द बोलावेसे वाटले, पण धीर देऊन काही होत नाही हे तिने पट्टीच्या आधी महिनाभर पाहिलं होतं. तिने फक्त एवढंच सांगितलं की मी मोठ्याने वाचते, जिथे पोटात कळ येईल तिथे हात वर कर.

तिने वाचायला सुरुवात केली. पहिल्या वाक्याला हात वर झाला. दुसऱ्यालाही. गिरिजा पेन्सिलीने वाक्य खोडायची आणि पुढे जायची. पानंच्या पानं गेली. उन्हं खिडकीतून सरकत आत आली, गिरिजाचा घसा कोरडा पडला, वाचणं म्हणजे खोडणं झालं. स्रवंतीचा हात आता उशीवरून जेमतेम उचलला जात होता, पण प्रत्येक वाक्याला उचलला जात होता.

मग एका वाक्याला तो उचलला गेला नाही. गिरिजा पुढचं वाक्य वाचून गेली, थांबली आणि मागे आली. तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. 'अम्मा कॉलर तेलुगूत मोजते, पण मोजताना चुकली की स्वतःला शिव्या मराठीत देते.'

हात तसाच उशीवर पडून होता. बाहेरच्या खोलीतलं मशीन थांबलं.

"इथे हात का नाही उचललास?"

 "ते तसंच आहे," स्रवंती म्हणाली. "त्यात काय चूक असणार?"

"आज तुला शिजलेल्या भाताची शंका येते," गिरिजा म्हणाली. "आईने लावलेल्या दाराची येते. याची नाही आली. आज तुझ्या शंकेतून जे वाक्य सुटलं, ते कुणाच्याही शंकेतून सुटेल."

स्रवंती कुशीवर वळली. तिने हात पुढे करून ते पान घेतलं आणि स्वतः वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्या संबंध बाडात अशी चार वाक्यं सापडली. परत जाताना गिरिजाने बाकीची पानं पिशवीत घातली आणि चार वाक्यं एका कागदावर उतरवून तिच्यापाशी ठेवली.

पुढचे आठवडे स्रवंती कॉलेजात येऊन गिरिजाच्या शेजारी बसून लिहू लागली. लिहिलेलं स्वतःच वाचायची, स्वतःच हात वर करायची, स्वतःच खोडायची. गिरिजाने पेन्सिल बाजूला ठेवली होती. आधी एका बैठकीत एखादं वाक्य टिकायचं, मग तीन-चार टिकू लागली. मेंदूतला आरडाओरडा हळूहळू निवत चालला होता. शर्ट तो की ती हे ती आता सरळ शब्दकोशात बघायची आणि पुढे जायची. सात पानांची गोष्ट उभी राहिली. गणवेश शिवणारी यंत्रं कारखान्यात आल्यावर अम्माला मिळालेला शेवटचा गठ्ठा आणि तो मोजायचा दिवस, एवढीच गोष्ट.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी गिरिजाने ती सलग वाचली.  नंतर तिने शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. अम्मा गठ्ठा मोजून संपवते तिथे गोष्ट संपलेली होती. त्यानंतर नान्ना, म्हणजे वडील, घरी येतात, मशीनच्या शेजारी बसतात आणि पंखा लावायलाही कुणी उठत नाही, असा एक परिच्छेद होता.

"हा काढ," गिरिजा म्हणाली. "वरच संपलंय."

स्रवंतीने तो परिच्छेद पुन्हा एकदा वाचला. 

"नको, मॅडम."

गिरिजाने कारणं दिली. वाचकाला आधीच सगळं पोचलेलं असतं, दोनदा सांगितलं की जोर जातो, आजवर शेकडो गोष्टींत तिने हे पाहिलेलं होतं. स्रवंतीचा चेहरा उतरत गेला, डोळ्यांत पाणी आलं. मध्ये एकदा ती परिच्छेदावर रेघ मारायला पुढे झाली आणि पेन तसंच धरून थांबली.

"माझं चुकत असेल," ती म्हणाली. "पण तो काढला की मला खटकतं. ठेवला की नाही खटकत. राहू दे तो."

गिरिजाने गोष्ट होती तशी पाठवली.

निवड व्हायला उन्हाळा उजाडला. स्रवंतीची गोष्ट संग्रहात घेतली गेली. तिचे वडील कारखान्यातून अर्धी सुट्टी घेऊन कॉलेजात आले, गिरिजापुढे हात जोडून उभे राहिले आणि वसतिगृहात पोरीला रोज भात मिळेल का, एवढंच त्यांनी विचारलं. संपादकांचा फोन आला तेव्हा गिरिजा दुकानात होती. गोष्ट सगळ्यांना आवडली, असं ते म्हणाले. शेवटचा परिच्छेद तेवढा गाळता आला तर बघा, लेखिकेची हरकत नसेल तर. गिरिजाने तिथूनच स्रवंतीला फोन लावून निरोप दिला. पलीकडे मशीनची घरघर ऐकू येत होती.

"त्यांनाही तसंच वाटलं का?" स्रवंतीने विचारलं.  मग म्हणाली की राहू दे, आणि ते मी त्यांना स्वतः कळवते, तुम्ही नका कळवू.

फोन ठेवून गिरिजा स्टुलावर टेकली. तिला तो परिच्छेद अजूनही जास्तीचाच वाटत होता. पण त्याचं काय करायचं हे आता तिला बघायचं नव्हतं. काउंटरवर महांतेश एका बाईशी हसून बोलत गोळ्या काढत होता. त्याने पाकीट गिरिजाकडे सरकवलं. तिने चष्मा लावला, चिठ्ठीवरचा आकडा वाचला, पाकिटावरचा वाचला, आणि दोन्ही पुन्हा एकदा वाचले.